खरवडलेला नंबर

सुनंदाने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आयसीच्या, म्हणजे चिपच्या, काळ्या पाठीवरून फिरवला, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि छोटा बोर्ड खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पुसलेली अक्षरे कधी कधी वाफेखाली पुन्हा उमटतात, हे तिने पाहिले होते. इथे उमटले ते नुसते ओरखडे. ब्लेडच्या पात्याने, मन लावून, एकही अक्षर मागे राहणार नाही अशा बेताने ओढलेले. ओरखड्यांचा तो तिरका कल तिच्या ओळखीचा होता. तिच्या नवऱ्याचा हात होता तो.

"काय म्हनस आयसी?" दाराशी उभ्या असलेल्या जीवरामने विचारले.

"म्हनस, मी कोन ते तुम्हीनच सांगा."

जीवराम हसला, पण त्याचे हसू अर्ध्यावरच विरले. अडावदला त्याच्या केळीच्या बागा होत्या आणि गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही त्याच्या ओट्यावर आला होता. आज सकाळी तोच टीव्ही गोधडीत गुंडाळून, भोवती केळीची पाने कोंबून तो टेम्पोतून चोपड्याला घेऊन आला होता. काचेवर चित्र नव्हतेच. मधोमध एक पांढरी आडवी रेघ, एवढेच. आज रविवार होता, संध्याकाळच्या पिक्चरला अर्धी गल्ली ओट्यावर येऊन बसायची होती, आणि ह्या सेटला याआधी सुनंदाच्या नवऱ्याचा, रतिलालभाऊंचा, हात लागलेला असल्याने दुसरीकडे जायचा प्रश्न नव्हता. भाऊंचे काय झाले आहे, हे मात्र त्याला दुकानात पाऊल टाकल्यावरच कळले होते.

पोळ्याच्या सुमारास रतिलालला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला आणि जिभेवरचे सगळे शब्द एकदम झाडून गेले. मागे उरला तो फक्त एक, बोलीतला 'आहे'. "शे." चहा हवा का विचारले की "शे." दुखते का विचारले की "शे." घरात कोण आले होते म्हणून विचारले तरी "शे." जळगावचे डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू येतील शब्द, धीर धरा. घराने धीर धरला होता आणि त्या एका शब्दाकडे लक्ष देणे सोडून दिले होते.

"वहिनी, राग येऊ देऊ नका," जीवराम चाचरत म्हणाला. "पन तुम्हीन करशात हे? भाईदासकडे लई जाऊ का?"

"ह्या बोर्डवरना बठ्ठा कथीलना डाग मनाच हातना शेतस, जीवरामभाऊ. हे सांगेत, मी लावू. जा, चहा पिईसन या."

तो गेला. सुनंदाने भिंग खाली ठेवले आणि तळहातांचा घाम पदराला पुसला. बोलताना आवाज ठाम होता, ते बरे झाले. कारण दुपारी चहाला भाईदास यायचा होता आणि त्याला आज उत्तर द्यायचे होते.

भाईदासचे बाजारपेठेत सुट्या भागांचे आणि दुरुस्तीचे मोठे दुकान होते. माणूस वाईट नव्हता. रतिलालचे दुकान आपण चालवायला घेतो, पाटी आपली लावतो, भाऊंसाठी खुर्ची कायम राहील आणि वहिनींनी डाग द्यायचे काम करावे, असे तो दोनदा येऊन सांगून गेला होता. बाईमाणसाकडे सेट कोण आणणार, हे तो बोलला नव्हता. पण दिवाळीनंतर दुकानात आले ते फक्त इस्त्र्या आणि मिक्सर. सुनंदाने मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. द्यायचा उरला होता तो फक्त तोंडाने. आणि नेमका आज सकाळी हा टेम्पो दाराशी थांबला होता.

तिने सेटच्या मोठ्या बोर्डाकडे पाहिले. मूळची परदेशी चिप कुठे मिळेना, म्हणून रतिलालने ती काढून तिच्या जागी चार तारांनी ही छोटी पट्टी जोडली होती. पट्टीवर ही चिप. चित्राला वरपासून खालपर्यंत ताणून धरणे हे तिचे काम. ती मेली की चित्र मिटते आणि उरते ती रेघ. चिपच्या पोटाला एक बारीक भेग गेलेली होती, म्हणजे दोष कुठे आहे ते कळत होते. आता हवी होती ती तशीच दुसरी चिप. पण तशीच म्हणजे कोणती?

चोपड्यातले सगळेच मेकॅनिक हे करत. कोणी पात्याने नंबर खरवडे, कोणी वर नेलपॉलिश फासे. नंबर कळला की दुसरा मेकॅनिक तोच भाग बाजारातून आणणार आणि गिऱ्हाईक त्याचे होणार. रतिलाल यात सगळ्यांच्या पुढे होता. डाग द्यायला बोर्ड तिच्यासमोर येई तेव्हा चिप आधीच खरवडलेली असे. एकदा तिने विचारले होते, कोणता नंबर हो हा? तो हसून म्हणाला होता, तुला काय करायचे आहे नंबर घेऊन, लग्नपत्रिकेत छापायचा आहे? त्या वेळी तीही हसली होती.

आज तिला ते हसू आठवले आणि राग आला. साऱ्या गावापासून लपवा. पण जी शेजारी बसून रात्रंदिवस डाग देते, तिच्यापासूनही?

चिप बुटकी होती. दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा आणि मधोमध पत्र्याचे दोन पसरट कान. कान असलेली चिप तिच्या पाहण्यातली होती. रेडिओत आणि टेपमध्ये आवाजासाठी तीच असायची. खणात तशा दोन-तीन पडून होत्या, कागदात गुंडाळलेल्या, नंबरासकट. तिने एक काढून मेलेल्या चिपशेजारी ठेवली. तोच आकार, तेच कान, पायांची संख्याही तीच. सापडली!

डाग द्यायची कांडी तापत ठेवून तिने मेलेल्या चिपचे पाय मोकळे करायला घेतले. कथील वितळून चमकू लागले. एक पाय सुटला, दुसरा सुटला, तिसरा सुटला, आणि तिथे तिचा हात थांबला.

आवाजाच्या चिपचे काही पाय मुके असतात. त्यांना काही जोडायचेच नसते. डाग देताना रतिलाल तिला बोटाने दाखवून सांगे, हा सोड, हा सोड, हे मुके आहेत. तिच्या बोटांना ते इतके पाठ झाले होते की रेडिओ समोर आला की हात आपोआप ते पाय ओलांडून पुढे जाई. इथे तिने ओलांडला असा एकही पाय नव्हता. प्रत्येकाला डाग होता. तिने पट्टी उलटून पाहिली. प्रत्येक डागापासून तांब्याची वाट निघालेली होती. एकही पाय रिकामा बसलेला नव्हता.

"ही ती नाही," ती मोठ्याने म्हणाली.

तिने कांडी बाजूला ठेवली. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिने आवाजाची चिप इथे बसवून बटण दाबले असते आणि जीवरामचा सेट धुरात गेला असता. भीतीच्या पाठोपाठ मात्र दुसरेच काही तरी वर आले आणि ते भीतीहून मोठे होते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने स्वतः ओळखले होते.

ती पट्टी घेऊन मधल्या खोलीत गेली. रतिलाल खाटेवर उशीला टेकून बसला होता. समोर घरचा बारा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालू होता. झटका आल्यापासून दिवसभर तोच त्याला सोबत होता.

"अहो, हाऊ आयसी कोनता शे?" तिने पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "तुम्हीनच नंबर काढेल शे. आवाजना नही हाऊ, बठ्ठा पाय कामना शेतस. देखा बरं."

रतिलालने पट्टीकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. आवाजाची नाही, हे हिला कसे कळले, असेच ते डोळे विचारत होते. डावा हात उचलून त्याने समोर केला.

"शे," तो म्हणाला. "शे, शे."

"आवाज वाढवू?"

तिने जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. त्याने मान झटकली. तिने आवाज कमी केला. त्याने खाटेच्या कडेवर पंजा आपटला.

"शे!"

"पानी दिऊ का?"

रतिलालने डोळे मिटून घेतले. त्याच्या कपाळावर शिरा उठल्या होत्या. मग डोळे उघडून त्याने पुन्हा हात सरळ लांब केला. सुनंदाने या खेपेला हाताकडे न पाहता हात जिथे नेत होता तिथे पाहिले. पडद्यावर कोणी बाई गात होती. अंबाड्यातल्या गजऱ्यापासून साडीच्या काठापर्यंत सगळे चित्र काचभर पसरलेले. वरपासून खालपर्यंत.

कोणी तरी ते ताणून धरले होते.

"शे," तो आता हळू म्हणाला.

आहे. इथेच आहे. इतके महिने तो हा शब्द उच्चारत होता आणि आज पहिल्यांदा तो शब्द त्याच्या अर्थासकट तिच्यापर्यंत येऊन पोहोचला. ती खाली बसली, पुन्हा उठली, टीव्हीचे बटण बंद केले, प्लग उपटला आणि स्क्रू काढायची पकड शोधत दुकानात पळाली. पकड नव्हे, स्क्रूड्रायव्हर हवा होता, पुन्हा पळाली. मागचे झाकण निघाले. धुळीचा एक भपकारा आला. तिने फुंकर मारली, बोर्ड वाकवून आत डोकावली.

दोन कान. पायांच्या रांगा. एकही मुका नाही.

आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत, जणू कालच छापलेला, अख्खा नंबर. आधी अक्षरे, मग आकडे. अकरा-सत्तर.

घरच्या सेटचा नंबर त्याने खरवडलेला नव्हता. तिने एकदा खाटेकडे पाहिले. रतिलाल दुसरीकडे पाहत होता.

मग तिने घाई केली नाही. दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून ती एकेक पाय मीटरने तपासत गेली. चित्र ताणणाऱ्या गुंडाळीकडे जाणारा पाय इथेही तोच, तिथेही तोच. वीज आत येते तो पाय तोच. त्याच्या पुढ्यात बसवलेला डायोडही तसाच. उंची कमी-जास्त करायची चावी ज्या पायावर, त्याच पायावर. प्रत्येक जुळणीला ती नकळत "हं" म्हणत होती आणि खाटेवरूनही प्रत्येक वेळी एक हुंकार येत होता. लहानपणी आजोळी गोष्ट ऐकताना मुले हुंकार देत, तसा.

एक शंका मात्र राहिली. अकरा-सत्तर ही काही नवलाची वस्तू नव्हती. बारा इंची ब्लॅक अँड व्हाइट सेट उघडला की आत हीच सापडे. भाईदासच्या काउंटरवर ती बरणीतल्या सुपारीसारखी मिळायची. ती रंगीत सेटला पुरेल? पण नवऱ्याने ही पट्टी बनवली होती, ती सेटवर चालली होती आणि जीवरामने त्यावर किती तरी रविवार पाहिले होते.

बाजारात जाऊन आणावी, तर आज भाईदासचे दुकान बंद. तिने घरच्या बोर्डावर कांडी टेकवली आणि तशीच थांबली. चुकले तर जीवरामचा सेट जाईल, आणि हा माणूस दिवसभर कशाकडे बघत बसेल?

"काढू?" तिने विचारले.

रतिलालने होकारार्थी मान हलवली.

जीवराम परतला तेव्हा शेवटचा डाग थंड होत होता. त्याच्या मागोमाग टेम्पोवालाही आत आला, कारण बाहेर ऊन होते आणि आत काही तरी घडणार असे त्याला वाटले. सुनंदाने अँटेनाची वायर जोडली, सगळ्यांना दोन पावले मागे सारले आणि बटण दाबले.

काच काळीच राहिली. आत कुठे तरी बारीक चुरचुर झाली. मग मधोमध ती पांढरी रेघ उमटली, तीच सकाळची रेघ. पण रेघ थरथरली. तिच्या कडा सुटल्या, ती वर उकलत गेली, खाली उकलत गेली, आत रंग दिसू लागले, आणि बघता बघता हिरवी साडी नेसलेली एक निवेदिका काचेत बसून बोलू लागली.

"केळनी सुरळी उघडनी जशी!" जीवराम ओरडला. "देख रे, देख! नवं पान उघडस ना, तसंच!"

"पन बाई बुटकी शे," टेम्पोवाला म्हणाला.

खरेच होते. निवेदिकेचे तोंड भाकरीसारखे चपटे झाले होते आणि वर-खाली काळे पट्टे राहिले होते. सुनंदाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून, दुसऱ्या हाताने तिने मागची चावी जराशी फिरवली. बाई उंच झाली. आणखी फिरवली, ती ताडमाड झाली, भुवया कपाळाबाहेर गेल्या. टेम्पोवाला टाळ्या वाजवू लागला. चावी परत थोडी मागे आली आणि निवेदिका माणसात आली.

मधल्या खोलीच्या दारात रतिलाल उभा होता. चौकट धरून, पाय ओढत तो कधी आला ते कोणालाच कळले नाही. त्याच्या तोंडाची डावी बाजू हसत होती.

त्याच वेळी बाहेर लुना थांबली. भाईदास चप्पल काढून आत आला, तो थेट सेटसमोर येऊन थबकला. त्याने चित्र पाहिले, मागे जाऊन पट्टी पाहिली, वाकून नवीन चिप पाहण्याचा प्रयत्न केला; पण तिच्यावर सुनंदाने उष्णता ओढून घेणारा पत्रा स्क्रूने आवळलेला होता.

"कोणी केलं हे?"

"वहिनीनी," जीवराम म्हणाला. "आख्खा मरेल सेट जित्ता करा."

भाईदासने रतिलालकडे पाहिले. रतिलालने डाव्या हाताने बायकोकडे बोट केले. भाईदास स्टुलावर बसला. चहाची आठवण कोणाला राहिली नव्हती.

"वहिनी, एक विचारतो," तो शेवटी म्हणाला. "असाच एक सेट माझ्याकडे महिना झाला पडलाय. ही अशीच पट्टी, भाऊंचा हात. नंबर खरवडलेला. जळगावपर्यंत विचारून झालं, कोणाला सांगता येत नाही. कोणता आयसी आहे हा?"

सकाळपासून तिने मनात किती वेळा ठरवले होते की नंबर सापडला तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवीन. तिने रतिलालकडे पाहिले नाही.

"अकरा-सत्तर," ती म्हणाली.

भाईदास तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याच्या गालांवर हसू पसरत गेले आणि त्याने मांडीवर थाप मारली.

"अकरा-सत्तर! बारा इंची डबड्यातला? रंगीत सेटमा?" हसता हसता तो शहरी बोलणे विसरला. "वा वं वहिनी! माले भाऊनी बी एकदा असाच नंबर सांगेल व्हता. जळगावनी फेरी फुकट गयी. राहू द्या, सांगू नका. धंदा शे तुमना, मी कसाले विचारू?"

"भाईदासभाऊ, खरं सांगस मी. देवनी आन."

"आन बी भाऊ अशीच खायेत!"

दाराच्या चौकटीतून एक घरघर ऐकू आली. रतिलाल हसत होता. झटका आल्यानंतर पहिल्यांदाच पोटातून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याच्या हसण्याने भाईदासची खात्रीच पटली. तो उठला, चप्पल घातली, एकवार आतल्या खणांकडे, कांडीकडे, मीटरकडे नजर टाकली. ज्यासाठी आला होता ते त्याने विचारले नाही.

"उद्या सकाळी माझा सेट पाठवतो," तो म्हणाला. "तुम्हीच बघा. पट्टीवर काय बसवायचं ते बसवा, मी झाकण उघडणार नाही. शब्द माझा."

तो लुनावर बसला. सुनंदा ओट्यापर्यंत गेली. मागे मधल्या खोलीत घरचा टीव्ही पोट उघडून पडला होता, त्यात चिपची जागा रिकामी होती आणि रतिलालच्या संध्याकाळचा प्रश्न होता.

"भाईदासभाऊ," तिने हाक मारली, "सेट धाडतांना दोन अकरा-सत्तर बी धाडा. खरंच पाहिजेत."

भाईदासने किक मारता मारता मान मागे टाकली आणि गल्लीला ऐकू जाईल इतका हसला.

"दोन कसाले? चार धाडसू!"